आयर्विनची पातळी आणि शीटमधले रंग: मॅक्रो नेमका कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात संगणक परिचालक पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दर तासाला एक्सेलमध्ये भरतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. इशाऱ्याखाली हिरवा, इशाऱ्याला पिवळा, धोक्याला लाल असा रंग आपोआप यावा म्हणून त्यांनी तयार मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा कोड) आणून बसवला. तो इशारा-धोक्याचे आकडे शीटच्या वरच्या सेलमधून घेतो. तक्रारी चार: एक सेल भरला की रंग येतो, पण दहा नोंदी एकदम पेस्ट केल्या की एरर १३ येते, कधी ३८ फुटालाही लाल होतो, रिकामे सेल हिरवे होतात, आणि एकदा एरर आली की त्यानंतर मॅक्रो मेल्यासारखा गप्प बसतो.

या चारही तक्रारींत रंगाच्या ओळीची चूक नाही. सेलमध्ये काय बसलंय याची चौकशी न करता मॅक्रो थेट तुलनेला लागतो, तिथे घोळ होतो. म्हणून आधी आकड्याकडे बघू.

तुम्ही ४० फूट १० इंच हे ४०.१० असं लिहिता. कागदाच्या रजिस्टरात ते चालतं. एक्सेलला मात्र ४०.१० आणि ४०.१ हा एकच आकडा आहे. म्हणजे १० इंच आणि १ इंच एका मापाचे झाले. त्याहून वाईट म्हणजे पाणी ४०.९ वरून ४०.१० वर गेलं, तर नदी एक इंच चढलेली असते आणि शीट सांगतं की पाणी उतरलं. आतापर्यंत हे लक्षात आलं नाही याचं कारण योगायोग आहे. ४० आणि ४५ या दोन्ही मर्यादा पूर्ण फुटांच्या असल्यामुळे दशांशानंतर काहीही असलं तरी रंग बरोबरच येतो. उद्या ‘४३ फूट ६ इंचाला केशरी’ असं ठरवा किंवा तासाची वाढ काढायला जा, लगेच उघडं पडेल.

तेव्हा फूट आणि इंच दोन वेगळ्या कॉलमांत घ्या. मांडणी अशी ठेवा: ए कॉलममध्ये तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये, बी मध्ये नोंद करणाऱ्याची सही किंवा शेरा, सी मध्ये फूट, डी मध्ये इंच, ई मध्ये एकूण इंच, एफ मध्ये स्थिती शब्दात, जी मध्ये तासाची वाढ. ई चं सूत्र साधं आहे: फूट गुणिले १२ अधिक इंच. मर्यादाही इंचातच लिहा. ४० फूट म्हणजे ४८० आणि ४५ फूट म्हणजे ५४०. सगळे पूर्णांक, दशांशाची भानगडच नाही. एच१ मध्ये इशारा, एच२ मध्ये धोका. नोंदी पाचव्या ओळीपासून सुरू करा.

जुन्या नोंदी फोडताना एक अडचण येणारच. जिथे ४०.१ दिसतं तिथे मूळ १ इंच होता की १० हे शीटला माहीत नाही आणि कुठलंही सूत्र ते सांगू शकणार नाही. कागदाचं रजिस्टर काढा, किंवा मागची-पुढची नोंद बघून ठरवा. ४०.११ ला हा प्रश्न नाही, ते ११ च.

आता ३८ ला लाल का होतो ते. तो ३८ आकडा नाही, मजकूर आहे. व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना मागे एखादं न दिसणारं चिन्ह येतं, सेल आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवलेला असतो, किंवा फुटाचं चिन्ह लावून ३८' असं टाइप केलेलं असतं. व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यात, सेलमधून आलेला मजकूर आणि दुसऱ्या सेलमधून आलेला आकडा यांची तुलना झाली, तर मजकूर नेहमी मोठा ठरतो. ‘३८’ हा मजकूर ५४० या आकड्यापेक्षाही मोठा, म्हणून लाल. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्येही (मूल्य बघून सेलला रंग देणारे एक्सेलचे तयार नियम) हेच होतं, कारण एक्सेलच्या क्रमात आकड्यांच्या नंतर मजकूर येतो. ओळखायची खूण सोपी: अलाइनमेंट कुणी हाताने बदललेली नसेल, तर आकडा सेलच्या उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. मराठी कीबोर्डवरून टाकलेल्या नोंदी याच नजरेने एकदा तपासा.

दुसरा चोर तारखेचा. उन्हाळ्यात पाणी १२ फूट ६ इंचावर असताना कुणी १२-६ असं टाइप केलं, तर एक्सेल त्याची १२ जून करून टाकतं. आत बसतो तो तारखेचा अनुक्रमांक, म्हणजे ४५ हजारांच्या पुढचा आकडा. साहजिकच लाल, तेही मे महिन्यात. म्हणून मॅक्रोत वरची मर्यादाही हवी. २०१९ च्या महापुरात आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ७० फुटांपेक्षा मोठा आकडा चुकीचा धरायला हरकत नाही.

मॅक्रोकडे वळण्याआधी एक स्पष्ट सांगतो. नुसते तीन रंग हवे असतील आणि शीट एकच माणूस भरत असेल, तर मॅक्रोची गरज नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगचे तीन नियम पुरतात, अंडू शाबूत राहतं आणि फाइल कुठेही उघडते. मॅक्रो लागतो तो तीन कारणांनी. पहिलं, इकडून तिकडे कॉपी-पेस्ट करत राहिलं की त्या नियमांचे तुकडे पडतात. महिन्याभराने नियमांची यादी उघडली तर तीनचे तीस झालेले असतात आणि प्रत्येकाची रेंज वेगळी. दुसरं, मर्यादा बदलली की कंडिशनल फॉरमॅटिंग जुन्या ओळीही नव्या नियमाने रंगवतं. ‘त्या रात्री आपल्या शीटवर काय दिसत होतं’ हा पुरावा हवा असेल, तर रंग त्या वेळचाच राहिला पाहिजे. तिसरं, चुकीची नोंद वेगळ्या रंगाने पकडणं आणि चढण्याचा वेग दाखवणं हे सगळं नियमांत कोंबण्यापेक्षा मॅक्रोत स्वच्छ लिहिता येतं. दोन्ही एकत्र मात्र ठेवू नका. कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंग मॅक्रोने भरलेल्या रंगावर चढतो, आणि मग मॅक्रो बरोबर असूनही सेल भलत्याच रंगाचा दिसतो. जुने नियम आधी साफ करा.

मॅक्रो कुठे ठेवायचा इथेही बरेच जण अडकतात. शीटच्या खालच्या टॅबवर उजवी क्लिक करा, ‘व्ह्यू कोड’ निवडा, जी खिडकी उघडेल तिथेच. ‘इन्सर्ट मॉड्यूल’ करून वेगळ्या मॉड्यूलमध्ये टाकलात तर तो कधीच आपोआप चालणार नाही आणि एररही देणार नाही. पहिला भाग उच्चाराप्रमाणे खाली दिला आहे. एडिटरमध्ये नावांसकट सगळं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं.

प्रायव्हेट सब वर्कशीट_चेंज(बायव्हॅल टार्गेट ॲज रेंज)
डिम भाग ॲज रेंज, घर ॲज रेंज
सेट भाग = इंटरसेक्ट(टार्गेट, मी.रेंज("सी५:डी२०००"))
इफ भाग इज नथिंग देन एक्झिट सब
फॉर ईच घर इन भाग.सेल्स
ओळरंगवा घर.रो
ओळरंगवा घर.रो + १
नेक्स्ट घर
एंड सब

(‘मी’ म्हणजे हे शीट स्वतः. इंग्रजी शब्द आहे, पण मराठीतही अर्थ बरोबर लागतो.)

एरर १३ ची मेख ‘फॉर ईच’मध्ये आहे. टार्गेट म्हणजे बदललेला सगळा भाग. एक सेल असेल तर त्याचं मूल्य एक असतं, दहा सेल असतील तर मूल्यांचा अख्खा तक्ता हाती येतो, आणि तक्त्याची ४८० शी तुलना होत नाही म्हणून टाइप मिसमॅच. एकेक सेल घेऊन फिरलं की हा प्रश्न संपतो. ‘एका सेलपेक्षा जास्त असेल तर बाहेर पड’ अशी ओळ टाकून बरेच जण सुटका करून घेतात, पण मग पेस्ट केलेल्या नोंदी बिनरंगाच्या राहतात, आणि पुराच्या रात्री नोंदी पेस्टच होतात.

इंटरसेक्टही आवश्यक आहे. बदललेल्या भागातला फक्त आपल्या रेंजमधला तुकडा ते देतं. कुणी अख्खा सी कॉलम निवडून डिलीट दाबलं तर टार्गेटमध्ये १०,४८,५७६ सेल असतात. आपण दोन हजार ओळींत अडवलं नाही तर संगणक तिथेच बसून राहील. आणि पुढच्या ओळीलाही बोलावलंय ते वाढीसाठी: सकाळी सातची चुकलेली नोंद दुपारी दुरुस्त केली, तर आठच्या नोंदीची वाढही बदलते, पण आठची ओळ टार्गेटमध्ये नसते.

‘ओळरंगवा’ ही दुसरी सब (कोडचा स्वतंत्र तुकडा) याच खिडकीत खाली लिहायची. तिला ओळीचा क्रमांक मिळतो, आणि तपासण्यांचा क्रम जसा सांगतो तसाच ठेवा, कारण जीव त्या क्रमातच आहे. फूट आणि इंच वाचताना ‘व्हॅल्यू’ ऐवजी ‘व्हॅल्यू२’ वापरा. मग तारीख असो, चलन असो, सगळं साध्या आकड्याच्या रूपात येतं.

आधी दोन्हींपैकी एकात एरर आहे का ते ‘इजएरर’ने बघा. असेल तर जांभळा रंग देऊन बाहेर पडा. ही तपासणी पहिली हवी, कारण एरर असलेल्या मूल्याची कशाशीही तुलना केली की पुन्हा १३ नंबर. नंतर फूट आणि इंच दोन्ही रिकामे आहेत का ते ‘इजएम्प्टी’ने. रिकामे असतील तर रंग काढून बाहेर. तुमचे रिकामे सेल हिरवे होत होते ते इथल्या ढिलाईमुळे: रिकाम्या सेलला ‘इजन्युमेरिक’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो, त्याची किंमत शून्य धरली जाते, आणि शून्य ४८० पेक्षा कमी म्हणून हिरवा. फूट भरलेत पण इंच अजून भरायचे आहेत, तर रंग न देता थांबा. इंच शून्य असेल तर ० टाकलाच पाहिजे असा दंडक घालून द्या.

मग ‘व्हारटाइप’. दोन्हींचा प्रकार ५ म्हणजे डबल असेल तरच पुढे जायचं. ८ आला तर तो मजकूर, जांभळा. ‘इजन्युमेरिक’वर इथे विसंबू नका, ‘३८’ या मजकुरालाही तो आकडाच म्हणतो. मॅक्रोने मजकुराचा आकडा स्वतःच करून घ्यावा असं काही जण सुचवतील. पूरनोंदीत ते करू नये असं माझं मत आहे. संशयास्पद नोंद जांभळी होऊन डोळ्यांत खुपली पाहिजे, गुपचूप दुरुस्त होता कामा नये. शेवटची चाळणी: इंच ० ते ११ च्या बाहेर किंवा फूट ७० च्या वर असतील तर जांभळा.

एवढ्यातून पार पडलेला आकडा खरा. एकूण इंच काढा आणि ‘सिलेक्ट केस’ लावा: पहिली केस धोक्याइतकी किंवा जास्त, दुसरी इशाऱ्याइतकी किंवा जास्त, उरलेलं ‘केस एल्स’. वरून खाली पहिली जुळणारी केसच चालते. इशारा वर लिहिलात तर ५० फुटालाही पिवळाच येईल. आणि ‘पेक्षा मोठा’ एवढंच लिहून भागत नाही. बरोबर ४५ फूट ० इंच हाही धोकाच आहे.

रंग ‘इंटिरिअर.कलर’ला ‘आरजीबी’ने द्या. भडक लाल आणि भडक हिरव्यावर काळा आकडा वाचवत नाही. एक्सेलच्या तयार स्टाइलमधले फिके रंग डोळ्यांना बरे: लालसाठी २५५, १९९, २०६ आणि अक्षर १५६, ०, ६, पिवळ्यासाठी २५५, २३५, १५६, हिरव्यासाठी १९८, २३९, २०६ आणि अक्षर ०, ९७, ०. अक्षराचा रंगही प्रत्येक केसमध्ये द्या, नाहीतर लालवरून हिरव्यावर आलेल्या ओळीत लाल अक्षर तसंच राहतं. रंग काढायला ‘इंटिरिअर.कलरइंडेक्स’ला ‘एक्सएलनन’, पांढरा रंग भरू नका, ग्रिडच्या रेषा झाकल्या जातात. वेबसाइटवरचा रंगाचा हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतला) कोड थेट वापरणाऱ्यांची फसगत ठरलेली: व्हीबीए तो उलट्या क्रमाने, निळा-हिरवा-लाल असा वाचतं, म्हणून लाल मागितला की निळा मिळतो. ‘आरजीबी’ फंक्शन वापरलं की ही कटकट नाही.

एफ मधला शब्द, म्हणजे ‘धोका’, ‘इशारा’, ‘सामान्य’, मॅक्रोत लिहायला जाऊ नका. व्हीबीए एडिटरला युनिकोड येत नाही. देवनागरी पेस्ट केली की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते आणि सेलमध्येही तीच उतरते. शब्द एफ कॉलमच्या सूत्रात ठेवा, तिथे मराठी नीट राहते. शीटचं नाव मराठीत असेल तरी तीच अडचण. तेव्हा कोडमध्ये टॅबवरचं नाव न वापरता एडिटरच्या प्रॉपर्टीज खिडकीत, एफ४ दाबल्यावर दिसणारं कोडनेम वापरा. शब्दाचा कॉलम हौसेचा नाही. तलाठी कार्यालयात किंवा शाळेच्या फळ्यावर लावायची प्रत काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर निघते तेव्हा तिन्ही फिके रंग एकाच राखाडी छटेत जातात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसंही प्रत्येक गावात असतात.

मॅक्रो गप्प का बसतो? तुमच्या जुन्या कोडच्या सुरुवातीला ‘ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = फॉल्स’ आहे आणि शेवटी ‘ट्रू’. मध्ये एरर आली, तुम्ही ‘एंड’ दाबलं, ‘ट्रू’ची ओळ चाललीच नाही. त्यानंतर एक्सेल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत कुठल्याच फाइलमधला असा मॅक्रो जागा होत नाही. लगेच जागं करायचं तर एडिटरमध्ये कंट्रोल आणि जी दाबून इमिजिएट खिडकीत ‘ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू’ लिहून एंटर मारा. मुळात इथे ती ओळ नकोच. सेलचा रंग बदलल्याने चेंज इव्हेंट, म्हणजे मॅक्रोला जागं करणारी ‘सेल बदलला’ ही एक्सेलची सूचना, पुन्हा उठत नाही. तो मूल्य बदलल्यावर उठतो. आपण सी-डी मध्ये काही लिहीत नाही, त्यामुळे चक्र लागण्याचा संबंध नाही.

पातळी दुसऱ्या शीटमधून सूत्राने येत असेल तर मात्र हा इव्हेंट उठणारच नाही. सूत्राचं उत्तर बदललं म्हणजे सेल ‘बदलला’ असं तो मानत नाही. त्यासाठी ‘वर्कशीट_कॅल्क्युलेट’ आहे, पण त्यात टार्गेट मिळत नाही, सगळी रेंज तपासावी लागते. नोंद जिथे हाताने टाकली जाते त्याच शीटवर मॅक्रो ठेवणं सोयीचं. सेलमध्ये टाकायचं फंक्शन लिहून त्यातून रंग बदलण्याचा प्रयत्न मात्र सोडून द्या. सूत्रातून चाललेल्या फंक्शनला रंग बदलायची परवानगीच नसते.

तासाची वाढ ही खरी उपयोगी गोष्ट आहे. ४१ फुटांवर थांबलेल्या पाण्यापेक्षा ३७ वरून झपाट्याने चढणारं पाणी गावाला आधी कळायला हवं, आणि तीन रंगांत ते हिरवंच दिसतं. जी मध्ये: या ओळीचे एकूण इंच वजा आधीच्या ओळीचे, भागिले मधले तास. मधले तास म्हणजे ए मधल्या दोन वेळांची वजाबाकी गुणिले २४, कारण एक्सेलसाठी एक दिवस म्हणजे १. रात्री दोनची नोंद राहून गेली तर एकच्या आणि तीनच्या नोंदीत दोन तासांचं अंतर आहे हे यातून आपोआप सांभाळलं जातं. तारीख आणि वेळ एकत्र ठेवायला सांगितलं तेही याचसाठी. नुसती वेळ असेल तर मध्यरात्री २३ वरून ० वर जाताना अंतर उणे येतं. अंतर शून्य किंवा उणे आलं तर जी जांभळा. किती इंचांपुढे केशरी करायचं ती मर्यादा एच३ मध्ये ठेवा आणि ती तुमच्या आपत्ती कक्षाने ठरवावी, मॅक्रो लिहिणाऱ्याने नाही. पाचव्या ओळीला आधीची नोंद नसते, तिथे वाढ काढू नका.

याच फाइलमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ठेवायची असेल तर वेगळं शीट करा आणि एच१, एच२ मध्ये त्याचे ३९ आणि ४३ फूट, म्हणजे ४६८ आणि ५१६ लिहा. तेव्हा प्रत्येक शीटमागे कोडची प्रत नको. ‘धिसवर्कबुक’मध्ये ‘वर्कबुक_शीटचेंज’ एकदाच लिहायचा. पण कोयनेचा साठा आणि अलमट्टीची पातळी याच साच्यात बसवू नका. कोयना टीएमसीत मोजतात, पूर्ण क्षमता १०५.२५, अलमट्टी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, पूर्ण पातळी ५१९.६०. तिथला दशांश खराच दशांश आहे, आणि भरलेलं धरण म्हणजे लाल असंही सरळ समीकरण नाही.

किरकोळ पण रोज अडवणाऱ्या गोष्टी. फाइल .एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा; .एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो गळून जातो. दुसऱ्याने पाठवलेली फाइल मॅक्रो अडवते तेव्हा ती बंद करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा. शीटला पासवर्ड लावला असेल तर रंग देताना एरर १००४ येते. ‘प्रोटेक्ट’ करताना ‘युजरइंटरफेसओन्ली’ ट्रू द्या, आणि ते फाइल उघडताना दर वेळी द्यावं लागतं, म्हणून ‘वर्कबुक_ओपन’मध्ये. मर्ज केलेले सेल नोंदींच्या भागात नकोत. मोबाइलच्या एक्सेलवर मॅक्रो चालत नाही, म्हणून ५ ते २००० ओळींतून फिरून ‘ओळरंगवा’ला बोलावणारं एक ‘पुन्हा रंगवा’ बटण ठेवा. जुना पुरावा जपायचा असेल तर ते फक्त निवडलेल्या ओळींवर चालवा. रात्रीच्या सगळ्या नोंदी मोबाइलवरूनच होणार असतील तर गूगल शीट आणि त्याचं कंडिशनल फॉरमॅटिंग घ्या, व्हीबीए तिथे चालत नाही.

मॅक्रो चालला की कंट्रोल-झेड निकामी होतं, मागचं सगळं अंडू पुसलं जातं. हे भरणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा, आणि चाचणी मूळ फाइलवर न करता प्रतीवर करा. ३९ फूट ११ इंच, ४० फूट ०, ४४ फूट ११, ४५ फूट ०, इंचात १२, फुटात १२-६, ‘टेक्स्ट’ सेलमधला ३८, नुसते फूट, नुसते इंच, दहा ओळींची पेस्ट, आणि शेवटी दहाही ओळी निवडून डिलीट. डिलीटनंतर एकही सेल हिरवा उरता कामा नये.